पॉप-अप हेडलाइट वर येत नाही? मोटर बदलायच्या आधी हे करून बघा

पॉप-अप हेडलाइटवाली, म्हणजे लाइट बॉनेटमध्ये लपलेले असतात आणि लावले की वर येतात अशी गाडी आहे आणि एक दिवस एकच लाइट वर येतो, दुसरा बंदच राहतो, गाडी डोळा मारतेय असं दिसायला लागतं. मग बहुतेक जण लगेच मोटर शोधायला बसतात, आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. मोटर मरते हे खरं आहे, पण बऱ्याचदा ती स्वतःहून मरत नाही, तिला मारलं जातं. लिंकेज (मोटरपासून लाइटपर्यंतचे रॉड आणि सांधे) जाम झालेलं असतं, बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) सुकलेले असतात, पाणी आत गेलेलं असतं, अर्थिंग गंजलेलं असतं. हे तसंच ठेवून नवी मोटर बसवली की ती पण काही दिवसांत त्याच वाटेने जाते. म्हणून या लेखात मोटर उघडायची कशी, साफ करायची कशी, बदलायची कशी हे सगळं सांगतोच, पण त्याआधी तिच्यावर भार कुठून येतोय ते शोधायचं, हा क्रम सोडू नका.

अजून एक कारण आहे घाई न करण्याचं. पॉप-अप लाइट असलेल्या मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या शेवटच्या गाड्या, म्हणजे कॉर्व्हेट सी५ आणि लोटस एस्प्रिट, २००४ मध्ये बंद झाल्या. त्यानंतर असली गाडी नव्याने जवळपास आलीच नाही. म्हणजे तुम्ही वापरलेली मोटर विकत घ्याल ती पण तुमच्या मोटरइतकीच म्हातारी असणार, तिच्यातलं ग्रीस पण तितकंच कडक झालेलं असणार आणि तिचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, घासणारे तुकडे) पण झिजलेलेच. तुमची मोटर जळलेली नसेल तर तीच उघडून नीट करणं हा बहुतेक वेळा जास्त चांगला मार्ग आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

आत काय असतं ते माहीत असलं की अर्धा दोष नुसता आवाजावरून सापडतो. एक छोटी १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर वर्म (स्क्रूसारखा आटे असलेला गिअर), वर्म फिरवतो एका मोठ्या गिअरला (हा बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा म्हणजे नायलॉनचा असतो), गिअरच्या शाफ्टवर बाहेर एक छोटा आर्म, आर्मला बॉल जॉइंटने जोडलेला रॉड, आणि रॉड जाऊन लाइटच्या फ्रेमला ढकलतो. वर्म गिअर मुद्दाम वापरलाय कारण मोटरकडून गिअर फिरतो पण गिअरकडून मोटर फिरत नाही, त्यामुळे लाइट वर आला की करंट बंद असताना पण तो वाऱ्याने किंवा धक्क्याने खाली बसत नाही. म्हणूनच लाइट हाताने दाबून खाली बसवायचा प्रयत्न कधीच करायचा नाही, जोर सगळा त्या प्लास्टिकच्या दातांवर जातो.

आता थांबायचं कुठे हे मोटरला कसं कळतं, याचे दोन प्रकार आहेत आणि तुमची गाडी कोणत्या प्रकारात बसते ते आधी बघा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत मोटर कायम एकाच दिशेने फिरते, अर्धा फेरा झाला की लाइट वर, पुढचा अर्धा फेरा झाला की खाली. गिअरवर तांब्याची एक गोल पट्टी असते, तिच्यावर पत्र्याचे कॉन्टॅक्ट घासत असतात, आणि पट्टीत जिथे खाच आहे तिथे कॉन्टॅक्ट आला की सर्किट तुटतं आणि मोटर थांबते. दुसरा प्रकार कॉर्व्हेट सी५ सारख्या गाड्यांचा, तिथे मोटर वर जाताना एका दिशेने आणि खाली येताना उलट दिशेने फिरते, आणि लाइट टोकाला जाऊन अडला की करंट वाढतो, तो वाढलेला करंट बघून मॉड्यूल (लाइटचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) मोटर बंद करतं. मग गिअरचे दात गेले की काय होतं? मोटर कुठे अडतच नाही, त्यामुळे मॉड्यूलला कळत नाही, आणि लाइट लावल्यावर काही सेकंद करकर असा आवाज येत राहतो. सी५ वाल्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा आहे.

पोर्शे ९४४ मध्ये अजून वेगळं, तिथे एकच मोटर आणि एका आडव्या दांड्याने दोन्ही लाइट उचलले जातात, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडले तरी मोटर एकच तपासायची असते. आणि कॉर्व्हेट सी३ किंवा जुनी लोटस एलान असेल तर तिथे इलेक्ट्रिक मोटरच नाही, व्हॅक्युमवर चालतं सगळं, तिथे पाइप आणि डायफ्राम तपासायचे, हा लेख त्यांच्या कामाचा नाही. (१९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये तर डॅशबोर्डवर हँडल होतं, हाताने फिरवून लाइट बाहेर काढायचे. बिघडायला फार काही नव्हतंच.)

कान लावा

बॉनेट उघडा, कुणाला तरी आत बसवून स्विच दाबायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून फक्त ऐका. हात लांब ठेवा, हे पुन्हा पुन्हा सांगेन कारण ही मोटर दिसायला छोटी आहे पण वर्म गिअरमुळे जोर भयंकर असतो, बोट मध्ये आलं तर मोडू शकतं.

काहीच आवाज नाही, दोन्ही बाजू मेलेल्या: फ्यूज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोटरला करंट जोडणारी छोटी डबी), स्विच किंवा कॉमन अर्थिंग. दोन वेगळ्या मोटरी एकाच दिवशी मरणं फार अवघड आहे, तिकडे बघू पण नका आधी.

एकच बाजू मेलेली, रिलेचा टक आवाज येतो पण मोटर गप्प: कनेक्टर, वायर, अर्थिंग किंवा मोटरचे कार्बन. अशा वेळी स्विच चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलके टकटक करा, ती अचानक फिरली तर समजा कार्बन अडकलेत किंवा संपत आलेत. जोरात ठोकू नका, आत मॅग्नेट चिकटवलेले असतात आणि ते तडकतात.

मोटर फिरतेय, आवाज येतोय, लाइट मात्र हलत नाही: गिअरचे दात गेले, किंवा आर्मचा नट सैल झाला, किंवा रॉड बॉल जॉइंटवरून निसटलाय. हे तिसरं तर बघायला पण लोक विसरतात, एक सेकंदाचं काम आहे, बघून घ्या.

लाइट हळू हळू कण्हत वर येतो किंवा अर्ध्यात थांबतो: इथे जवळपास नेहमी दोनच गोष्टी असतात, लिंकेज जड झालंय किंवा व्होल्टेज कमी पोचतंय. इंजिन चालू असताना नीट वर येतो आणि बंद असताना अडखळतो असं असेल तर वायरिंगकडे किंवा बॅटरीकडे आधी जा.

लाइट वर खाली वर खाली करत राहतो, थांबतच नाही: ती आतली तांब्याची पट्टी आणि कॉन्टॅक्ट. घाण, गंज किंवा वाकलेला कॉन्टॅक्ट. काही वेळा रिले चिकटलेला असतो. मोटर यात पूर्ण निर्दोष असते आणि तरी लोक तीच बदलतात.

रात्री रस्त्यात अडकलात तर

बहुतेक इलेक्ट्रिक पॉप-अप गाड्यांत मोटरच्या टोकाला हाताने फिरवायचा एक नॉब असतो, बऱ्याचदा रबरी टोपीखाली लपलेला. आधी रिट्रॅक्टरचा (म्हणजे लाइट वर-खाली करणाऱ्या मोटरचा) फ्यूज काढायचा, मगच नॉब फिरवायचा, बाणाच्या दिशेने. बरेच फेरे लागतात, कंटाळा येतो, पण लाइट वर येतो. वर आला की फ्यूज काढलेलाच ठेवा म्हणजे स्विच बंद केल्यावर लाइट परत खाली जाणार नाही. लाइटचा बल्ब आणि उचलायची मोटर यांचे फ्यूज बहुतेक गाड्यांत वेगळे असतात त्यामुळे उजेड चालू राहतो, पण निघायच्या आधी बल्ब पेटतोय ना ते खात्री करून घ्या. नॉब पूर्ण वर गेल्यावर अजून पिळत बसू नका.

आणि हा नॉब फिरवताना हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा, पुढे उपयोग होतो. कुठे सैल, कुठे अडतंय, कुठे दात घसरल्यासारखं होतंय, हे सगळं तिथेच कळतं.

भार तपासणे, जे बहुतेक जण करत नाहीत

फ्यूज काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा (रेडिओला कोड असेल तर आधी लिहून ठेवा). लाइटच्या भोवतीचं प्लास्टिकचं कव्हर काढा, चार पाच स्क्रू असतात, गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा कारण हे स्क्रू मऊ असतात आणि डोकं पटकन घासतं.

आता रॉड आर्मवरून सोडवा. बॉल जॉइंट आहे, मोठा चपटा स्क्रू ड्रायव्हर किंवा पक्कड वापरून उचकटला की टक करून निघतो. टेकू देताना तो मोटरच्या बॉडीवर किंवा ब्रॅकेटवर द्या, रंगवलेल्या पॅनलवर नाही, आणि लाइटच्या वरच्या झाकणाच्या कडेला आधी मास्किंग टेप लावून घ्या.

रॉड सुटला की लाइटची फ्रेम मोकळी झाली. ती हाताने वर खाली करून बघा. दोन बोटांनी उचलली जायला हवी, स्प्रिंग असेल तर स्प्रिंगचा जोर लागेल तेवढाच, मध्ये कुठेही खरखर किंवा अडकणं नको. दोन्ही बाजू अशा करून तुलना करा, चांगली बाजू कशी हलते ते हाताला कळलं की खराब बाजू लगेच ओळखू येते. जर इथेच जड लागतंय तर तुमचा खरा गुन्हेगार सापडला.

जड असेल तर पिव्हट बोल्ट (ज्याच्यावर फ्रेम फिरते तो) काढा, बुश बाहेर घ्या. वाळलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते पूर्ण पुसून काढा. बोल्टवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, बुशला तडा असेल किंवा बोल्ट आत खुळखुळत असेल तर बुश बदला, ही फार स्वस्त गोष्ट आहे आणि अख्ख्या यंत्रणेचं आयुष्य हिच्यावर आहे. नुसतं वरून डब्ल्यूडी-४० मारून काम झालं असं समजू नका. ते दोन दिवस छान चालतं, मग उडून जातं आणि उरलेलं ग्रीस पण सोबत घेऊन जातं. प्लास्टिकला चालणारं ग्रीस लावा, सिलिकॉनचं किंवा पांढरं लिथियमचं, तेही थोडंच. रॉडच्या बॉल जॉइंटच्या आत पण एक थेंब.

झाकणाच्या कडा बघा. पूर्वी कधी अपघात होऊन बॉनेट किंवा बंपर नीट जागेवर नसेल तर झाकण एका बाजूला घासतं, रंग गेलेली रेघ दिसते. आणि थंड प्रदेशात कडेला बर्फ साचून झाकण चिकटतं, तशा वेळी स्विच दाबला की मोटर सगळा जोर लावते आणि नायलॉनचे दात जातात. बर्फ आधी वितळवा, मग स्विच.

करंट पोचतोय का

फ्यूज बाहेर काढूनच बघा, वरून चांगला दिसणारा पण तडा गेलेला असू शकतो. एमएक्स-५ च्या इंजिनजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये रिट्रॅक्टरचा स्वतंत्र फ्यूज आहे, बाकीच्या गाड्यांत मॅन्युअलमध्ये किंवा झाकणावरच्या आकृतीत सापडतो. फ्यूज उडालेला असेल तर नवा टाकून विषय संपवू नका, तो कशामुळे उडाला? बहुतेक वेळा जाम झालेल्या लिंकेजमुळे. आणि जास्त ॲम्पिअरचा फ्यूज टाकून चालवू नका, वायर जळेल.

रिले तपासायला सोपा उपाय म्हणजे गाडीतला दुसरा तसाच रिले तिथे लावून बघणं, पण पिनांची आकृती आणि नंबर दोन्ही जुळले तरच.

मग मोटरचा कनेक्टर. काढा, आत हिरवट पांढरा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून छोट्या ब्रशने साफ करा, पिना सैल असतील तर किंचित आवळा. आता महत्त्वाचं, कनेक्टर काढून मल्टिमीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली असा अर्थ होत नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो, भार पडला की कोसळतो. म्हणून कनेक्टर लावूनच, मागच्या बाजूने मीटरची पिन घालून, स्विच दाबल्यावर व्होल्टेज बघा. तेव्हा ९-१० वर घसरत असेल तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी वाया जातंय. अर्थिंगची बाजू तपासायला मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मोटरच्या अर्थला, मोटर चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तो अर्थचा बोल्ट शोधून काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. जुन्या गाड्यांत एवढ्यावर कित्येक मेलेले हेडलाइट जिवंत होतात.

हे सगळं ठीक असेल तर मोटरला थेट करंट देऊन बघायचा. रॉड काढलेलाच ठेवा. बॅटरीवरून दोन वायरी, पॉझिटिव्हमध्ये फ्यूज टाकलेलाच पाहिजे. कनेक्टरला चार पाच पिना असतील तर सगळ्यांना करंट देत फिरू नका, त्यातल्या काही आतल्या कॉन्टॅक्टच्या असतात आणि त्या पातळ पट्ट्या जळतात, वायरिंगची आकृती बघा, तसं मोटरच्या वायरी बाकीच्यांपेक्षा जाड असतात. थेट करंटवर मोटर झपकन फिरली तर ती चांगली आहे, दोष मागे आहे. फिरलीच नाही किंवा रडत फिरली तर आता खरंच मोटर काढायची.

मोटर काढणे

आधी फोटो काढा, रॉड कसा होता, आर्म कोणत्या कोनात, वायर कुठून गेली. आर्म आणि शाफ्टवर मिळून मार्करने एक रेघ मारा, ही रेघ नसेल तर परत बसवताना तास जाईल.

आर्मचा नट सोडवताना आर्मला दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचंच. धरलं नाही तर नट सोडवण्याचा पूर्ण जोर शाफ्टमधून आतल्या गिअरवर जातो आणि चांगला असलेला गिअर तुम्हीच तोडता. परत आवळताना पण तसंच. या एका गोष्टीने किती मोटरी वाचतील सांगता येत नाही.

नट निघाला की मोटरचे बोल्ट काढा, तीन असतात बऱ्याच गाड्यांत, आणि कुठे ब्रॅकेटसकट काढणं सोपं पडतं. डावी उजवी मोटर वेगळी असते हे विसरू नका, नवी मागवताना बाजू आणि पार्ट नंबर दोन्ही जुळवा.

मोटर उघडणे

टेबलावर पांढरं कापड पसरा, छोटे तुकडे दिसतात. गिअरच्या बाजूचं झाकण आधी. आत तपकिरी कडक झालेलं ग्रीस, कधी पाणी, कधी प्लास्टिकचा चुरा. गिअरचे दात सगळीकडून बघा, वर्म टेकतो तिथेच झिजतात. उलटसुलट फिरणाऱ्या मोटरमध्ये गिअर पूर्ण फेरा घेत नाही त्यामुळे काही दात कधी वापरलेच जात नाहीत, आणि रचना तशी असेल तर गिअर फिरवून चांगले दात वर्मसमोर आणता येतात, पण हा तात्पुरता इलाज समजा. काही गाड्यांत, उदाहरणार्थ कॉर्व्हेट सी४ मध्ये, गिअरच्या आत प्लास्टिकचे छोटे बुश असतात जे धक्का शोषतात, ते वर्षांनी भुगा होऊन जातात आणि दात शाबूत असून सुद्धा लाइट हलत नाही. तेवढे बुश बदलले की काम झालं.

पितळी गिअर घ्यावा का? सी५ साठी ते सर्रास मिळतात आणि लोक खुश आहेत. मला पण पितळी आवडतो, पण एका अटीवर. प्लास्टिकचा गिअर एका अर्थाने फ्यूजचं काम करतो, काही अडलं तर तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. पितळी तुटणार नाही, मग जोर रॉडवर, ब्रॅकेटवर, फ्रेमवर जाईल. म्हणून लिंकेज आधी लोण्यासारखं हलतंय याची खात्री असेल तरच पितळी टाका, लिंकेज न बघता पितळी टाकणं चुकीचं आहे.

जुनं ग्रीस पूर्ण काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, ब्रेक क्लीनर प्लास्टिकवर मारू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. तांब्याची पट्टी काळी पडली असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा, चमकते, सँडपेपरने तांबं पातळ होतं. घासणारे कॉन्टॅक्ट सपाट झाले असतील तर अगदी किंचित वर वाकवा म्हणजे दाब परत येईल, आणि वर कॉन्टॅक्टसाठीच्या ग्रीसचा पातळ थर, गिअरचं जाड ग्रीस तिथे थापलं तर परत तोच थांबायचा प्रॉब्लेम.

आता मोटरचा भाग. मोटरचा बाहेरचा डबा काढताना आर्मेचर (आत फिरणारा भाग) मॅग्नेटला चिकटून एकदम ओढला जातो, कार्बन स्प्रिंगने उडतात, दोन्ही हातांनी सावकाश काढा. डबा कोणत्या बाजूने बसला होता त्याची पण खूण करा, उलटा बसला तर मॅग्नेटची बाजू बदलते आणि मोटर उलटी फिरते. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, ज्यावर कार्बन घासतात) काळा असतोच थोडा, पण खड्डे किंवा जळाल्याच्या खुणा असतील तर ६००-८०० नंबरच्या सँडपेपरने गोल फिरवत हलकं पॉलिश करा, मग पट्ट्यांच्या मधल्या खाचा टूथपिकने साफ करा, तिथे कार्बनची पावडर साचून शॉर्ट होतो. मीटर लावून प्रत्येक पट्टी आणि शाफ्ट यांच्यामध्ये कंटिन्युइटी (करंट आरपार जातोय का) बघा, ती अजिबात नको. आली तर वाइंडिंग शाफ्टला लागलंय, आणि जळका वास किंवा काळी पडलेली वाइंडिंग दिसली तर या मोटरवर वेळ घालवू नका, बदला.

कार्बन आपल्या खाचेत सहज पुढे मागे सरकले पाहिजेत, आणि स्प्रिंग जवळपास पूर्ण उघडलेली असेल तर कार्बन संपलेत. नेमके तेच मिळाले नाहीत तर थोडे मोठे घेऊन सँडपेपरवर घासून मापात आणता येतात, तोंडाला कम्युटेटरची गोलाई द्या. परत जोडताना कार्बन मागे धरून ठेवायला पातळ तार किंवा दोरा वापरा, आर्मेचर आत बसला की ओढून घ्या. शाफ्टच्या दोन्ही बुशला एक एक थेंब तेल, जास्त नाही, तेल कम्युटेटरवर गेलं तर सगळी मेहनत वाया.

बंद करताना सील. ओ-रिंग (रबराची गोल सील) चपटी झाली असेल तर नवी टाका. गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावणार असाल तर ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो वापरू नका, त्यातून निघणारं ॲसिड तांबं खातं आणि काही महिन्यांत आतले कॉन्टॅक्ट हिरवे होतात. न्यूट्रल प्रकारचा घ्या. मोटरला पाणी बाहेर जायचं छोटं भोक किंवा श्वास घ्यायची नळी असेल तर ती बुजवू नका.

परत बसवणे आणि जुळवणे

मोटर गाडीत बसवा, कनेक्टर लावा, पण रॉड अजून जोडू नका. बोटं लांब, स्विच बंद, मग बॅटरी लावा. बॅटरी लावताच मोटर आपोआप फिरू शकते कारण ती आपली थांबायची जागा शोधते, घाबरू नका. आता स्विचने दोन चार वेळा वर खाली करा, आर्म प्रत्येक वेळी त्याच दोन जागी थांबतोय ना बघा. खाली असण्याच्या जागी थांबला की फ्यूज काढा, लाइट हाताने खाली ठेवा, आर्म तुमच्या खुणेवर बसवा, नट आवळा (आर्म धरून), आणि रॉड जोडा. आर्म अर्ध्या फेऱ्याने चुकीचा बसला तर स्विच बंद असताना लाइट वर आणि चालू केल्यावर खाली असं होतं, तेव्हा मोटरला दोष देऊ नका.

पहिली उचल स्विचने करू नका, नॉबने हाताने लाइट एकदा पूर्ण वर आणि परत खाली करा, कुठे घासतंय का बघा. ठीक असेल तर फ्यूज लावा.

झाकण बंद असताना बॉनेटच्या पातळीत नसेल तर रॉडची लांबी किंवा खालचा स्टॉपर जुळवायचा, अर्धा अर्धा फेरा करत. वरचा स्टॉपर बदलला तर मात्र लाइटचा झोत पण बदलतो, म्हणून काम सुरू करायच्या आधीच सपाट जमिनीवर गाडी भिंतीसमोर उभी करून झोताची वरची रेघ टेपने भिंतीवर आखून ठेवा आणि गाडी कुठे उभी होती ते जमिनीवर खूण करा, शेवटी तिथेच परत उभी करून जुळवा. दोन्ही स्टॉपरचे रबर दगडासारखे झाले असतील तर बदला, प्रत्येक वेळी टोकाला बसणारा धक्का तेच झेलतात.

दोन्ही लाइट एकाच वेळी एकाच वेगाने वर यायला हवेत. दुरुस्त केलेली बाजू आता दुसरीपेक्षा चपळ वाटली तर दुसऱ्या बाजूचं लिंकेज पण याच आठवड्यात उघडून ग्रीस करून टाका, कारण पुढचा नंबर तिचाच आहे. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर अधून मधून दिवसा पण लाइट वर खाली करा, ग्रीस एका जागी वाळत नाही आणि कॉन्टॅक्टवर थर बसत नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर नॉबची रबरी टोपी काढून आत ओल आहे का बघा. असली तर सील परत करायचं, आत्ताच.